"बोलायला बी लायसन लागतंय का?" : इंटरनेटवरचा फोन अडवण्याची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

परवा रात्री जेवणं झाल्यावर शेजारच्या मावशी मोबाईल घेऊन दारात आल्या. "बघ बरं बापू, ह्याला काय झालंय. लेकाचा फोन येतोय, रिंग वाजायलीय, मी उचलायले, पर आवाजच येईना." त्यांचा मुलगा गेल्या वर्षी हिमायतनगरहून हैदराबादमार्गे दुबईला गेला. एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. मी फोन बघितला. त्याचे मेसेज येत होते, फोटो येत होते, रेकॉर्ड करून पाठवलेला आवाजही येत होता. व्हॉट्सॲपवर कॉल लावला की मात्र नुसतं 'कनेक्ट होत आहे' आणि पुढं काहीच नाही. मावशी दोन दिवसांपूर्वी मोबाईलच्या एका दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथं "सॉफ्टवेअर मारावं लागतंय" म्हणून दोनशे रुपये घेतले होते.

मी म्हणालो, मावशी, फोन चांगला आहे. तुमचा पण आणि त्याचा पण. तिकडच्या सरकारनं हा कॉल अडवलाय. इंटरनेटवरून बोलायचं तर तिथं परवानगी घेतलेल्या कंपनीचंच ॲप लागतं.

मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बोलायला बी लायसन लागतंय का?"

प्रश्न साधा वाटला, पण रात्रभर डोक्यातून जाईना. कारण खरं उत्तर असं आहे की हो, लागतं. आणि "ते आखाती देश तसलेच" असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण आपल्याकडंही अगदी हेच होतं. ३१ मार्च २००२ पर्यंत भारतात इंटरनेटवरून फोनसारखं बोलायला बंदी होती. म्हणजे ज्यांचं वय आज चाळीस-पंचेचाळीस आहे, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत. ही गोष्ट आपण इतकी विसरलोय की सांगितली तर पोरं हसतात. म्हणून सगळी लिहून काढतोय.

सुरुवात तारेपासून करावी लागते.

१८५७ च्या उठावात इंग्रजांना तारयंत्राचा किती उपयोग झाला हे आपण शाळेत शिकलोय. दिल्लीची बातमी तारेनं पंजाबात आधी पोचली आणि तिथल्या पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली. ज्याच्या हातात तार, त्याच्या हातात राज्य, हा धडा इंग्रज विसरले नाहीत. १८८५ साली त्यांनी भारतीय टेलिग्राफ कायदा केला. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. कलम ४ सांगतं की देशात तारयंत्र उभारायचा आणि चालवायचा हक्क फक्त सरकारचा. दुसऱ्या कुणाला चालवायचं असेल तर सरकारकडून लायसन घ्यायचं. कलम ५ सांगतं की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर सरकार निरोप अडवू शकतं, ऐकू शकतं.

तेव्हा मुंबईत टेलिफोन येऊन तीनच वर्षं झाली होती. १८८२ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला पहिली एक्स्चेंज निघाली. पण कायद्यात 'टेलिग्राफ'ची व्याख्या अशी सैल ठेवली होती की टेलिफोन त्यात बसला, पुढं रेडिओ बसला, टीव्ही बसला, आणि शंभर वर्षांनी इंटरनेटही त्याच गाठोड्यात बांधलं गेलं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्या हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. हैदराबाद संस्थानाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, मग हळूहळू भारताचं टपाल आलं, भारताची तार आली आणि तारेबरोबर तो १८८५ चा कायदाही आला. इंग्रज गेले, निजाम गेला, कायदा तेवढा राहिला.

पुढची चाळीस वर्षं फोन म्हणजे काय होतं, ते जुन्या माणसांना विचारा. ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. साधा, अर्जंट आणि लाईटनिंग असे तीन दर. घरात फोन पाहिजे तर अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. १९८४ ला सी-डॉट निघालं, सॅम पित्रोदांचं नाव घरोघरी झालं, खेड्यात चालतील अशी देशी एक्स्चेंज बसू लागली आणि मग चौकाचौकात पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. काचेची केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर. बोलताना एक डोळा त्या आकड्यांवर. रात्री ११ नंतर पाव दर लागायचा म्हणून तेव्हाच रांग लागायची. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांचे आईबाप अर्धवट झोपेत रांगेत उभे असायचे. मीटर पळायलंय म्हणून "बरं हायस ना? जेवलास का? ठिवतो" एवढ्यात बोलणं संपायचं.

परदेशचा फोन तर श्रीमंताचा खेळ. नव्वदच्या दशकात अमेरिकेला एक मिनिट बोलायला साठ-सत्तर रुपये पडायचे. त्या काळात आपल्याकडं शेतमजुराची दिवसाची मजुरीसुद्धा तेवढी नव्हती.

हा दर एवढा का होता, हे समजल्याशिवाय बंदी समजणार नाही. परदेशी फोनचा सगळा कारभार एकट्या विदेश संचार निगमकडं होता. १९८६ ला ही सरकारी कंपनी झाली, मुख्यालय मुंबईला. नियम असा होता की अमेरिकेतून भारतात कॉल आला तर तिकडच्या कंपनीनं इकडच्या कंपनीला मिनिटामागं ठरलेले पैसे द्यायचे, आणि इकडून तिकडं गेला तर आपण द्यायचे. आपल्याकडून जाणारे कॉल कमी, येणारे कितीतरी जास्त, कारण परदेशातला मुलगाच आईला फोन करणार, आईची ऐपत कुठली? त्यामुळं पारडं कायम आपल्या बाजूला झुकलेलं. परकीय चलन डॉलरमध्ये यायचं. शिवाय लांबच्या कॉलवर कमवायचं आणि त्यातून गावचा फोन स्वस्त ठेवायचा, असा हिशेब होता. हा हिशेब अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही. गावागावात एक्स्चेंज बसली त्यात ह्या पैशाचा वाटा होता.

आणि मग इंटरनेट आलं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनंच सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक नावाच्या कंपनीनं 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. संगणकाला माईक लावायचा, स्पीकर लावायचा आणि जगात कुठंही बोलायचं. ह्यात गंमत अशी की साध्या फोनला दोन माणसांमध्ये एक अख्खी लाईन अडवून ठेवावी लागते. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते तुकडे ई-मेलसारखेच बाकीच्या गर्दीतून जातात आणि पलीकडं जोडले जातात. तुकड्याला अंतर कळत नाही आणि देशाची हद्दही कळत नाही. त्यामुळं मुंबई ते न्यूयॉर्क असा वेगळा दर लावायचा कशाला, हा प्रश्न उभा राहिला. आवाज तुटायचा, उशिरा यायचा, विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. पण साठ रुपयांच्या जागी लोकल कॉल आणि इंटरनेटचं तासाचं भाडं, एवढ्यात काम व्हायचं.

घाबरलं फक्त आपलं सरकार, असं समजू नका. १९९६ ला खुद्द अमेरिकेत छोट्या टेलिफोन कंपन्यांच्या संघटनेनं तिथल्या दूरसंचार आयोगाकडं अर्ज केला की असल्या सॉफ्टवेअरची विक्रीच थांबवा. आयोगानं ऐकलं नाही. आपल्याकडं मात्र जो कमावणारा तोच पहारेकरी. परदेशी फोन विकणारी कंपनी आणि इंटरनेटचं दार उघडणारी कंपनी एकच. तिनं ग्राहकांच्या अटींतच आवाजाला बंदी घातली. इंटरनेट-फोन देणाऱ्या काही परदेशी कंपन्यांची संकेतस्थळंच तिच्या दारातून उघडेनाशी झाली. त्याविरुद्ध टेलिफोन ग्राहकांच्या संघटनेचे अरुण मेहता दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना इंटरनेट द्यायची परवानगी मिळाली, पण त्यांच्याही लायसनात तीच अट. आणि १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात सरळ लिहून टाकलं की इंटरनेट टेलिफोनीला सध्या परवानगी देता येणार नाही, तंत्रज्ञान कसं बदलतंय ते बघून योग्य वेळी फेरविचार करू.

त्याच वर्षी कारगिलचं युद्ध झालं. तेव्हा पाकिस्तानच्या 'डॉन' दैनिकाचं संकेतस्थळही भारतात बंद झालं, आणि बंद झालं ते ह्याच दारातून. एकदा दाराला कडी बसवली की ती फक्त एकाच कामाला वापरली जात नाही, एवढं ह्यातून दिसतं.

मग ह्या तीन-चार वर्षांत लोक बोलले नाहीत का? भरपूर बोलले. सायबर कॅफेत मागच्या कोपऱ्यातल्या संगणकाला हेडफोन लावलेला असायचा. विचारलं तर "गाणी ऐकायला" म्हणायचे. अमेरिकेत पोरगा असलेले डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर सगळे गुपचूप बोलत होते. ज्याच्याकडं संगणक होता, ज्याला इंग्रजी येत होतं, ज्याची शहरात ओळख होती, त्याला बंदी कधी लागलीच नाही. ती लागली पीसीओच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला. तो साठ रुपये मिनिटानं दर भरत राहिला. मला वाटतं ह्या सगळ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलंय, म्हणून ह्याच्यावर बोट ठेवतोय.

मध्ये न्यायालयानंही एक महत्त्वाची गोष्ट सांगून झाली होती. १९९३ च्या हिरो कपच्या थेट प्रक्षेपणावरून भांडण झालं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपले मराठी. प्रश्न त्याच टेलिग्राफ कायद्याच्या कलम ४ चा होता. न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकार तिचा कारभार लोकांच्या हितासाठी बघतं, ती सरकारची खासगी मालकी नाही. निकाल क्रिकेट आणि टीव्हीचा होता, पण विचार फोनलाही लागू पडतो. सरकार फोनचं राखणदार आहे. राखणदारानं शेताचा मालक व्हायचं नसतं.

शेवटी १ एप्रिल २००२ ला दार उघडलं. विदेश संचार निगमची परदेशी कॉलवरची मक्तेदारी त्याच वेळी संपली आणि कंपनी त्याच्या दोन महिने आधी टाटांकडं गेली. ह्या तारखा एकमेकींना चिकटून आहेत, हे बघा. जोपर्यंत पैसा सरकारी गल्ल्यात येत होता तोपर्यंत इंटरनेटवरचं बोलणं धोक्याचं होतं. गल्ला दुसऱ्याकडं गेला, धोका संपला.

पण दार पूर्ण उघडलं नाही. संगणकावरून संगणकावर बोला, चालेल. भारतातल्या संगणकावरून अमेरिकेतल्या साध्या फोनवर बोला, चालेल. भारतातल्या संगणकावरून भारतातल्याच साध्या फोनवर मात्र नाही. म्हणजे नांदेडच्या कॅफेतून शिकागोचा फोन वाजवता यायचा, हिमायतनगरचा नाही. २००८ ला दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायनं शिफारस केली की ही अट काढा. ती तशीच पडून राहिली. ट्रायनं २०१७ ला पुन्हा सांगितलं आणि २०१८ ला कुठं लायसनात बदल होऊन वाट मोकळी झाली, तीही लायसनवाल्या कंपन्यांसाठी.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग सगळी बंदी म्हणजे नुसती पैशाची हाव. तसंही नाही. आता आपल्या दारातली गोष्ट सांगतो.

जून २०१७. लातूर. दहशतवादविरोधी पथक आणि लातूर पोलिसांनी छापे घातले आणि बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडली. माहिती आली होती लष्कराच्या गुप्तचर विभागाकडून, तीही थेट जम्मू-काश्मीरकडून. छाप्यात ९६ सिमकार्डं आणि कॉल वळवायची यंत्रं सापडली. दूरसंचार खात्याचं सुमारे १५ कोटींचं नुकसान झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. लातूरसारख्या ठिकाणी असलं काही चालू असेल, हे ऐकून आपण सगळेच चाट पडलो होतो.

हा धंदा कसा चालतो? परदेशातून भारतात येणारा कॉल कायदेशीर रस्त्यानं आला तर लायसनवाल्या कंपनीच्या फाटकातून येतो, त्याची नोंद होते आणि इथल्या मोबाईल कंपनीला मिनिटामागं शुल्क मिळतं. तेव्हा ते ५३ पैसे होतं. चोरट्या रस्त्यात तोच कॉल इंटरनेटवरून एखाद्या खोलीतल्या डब्यात येतो. डब्यात ओळीनं सिमकार्डं लावलेली असतात. त्यातल्या एका सिमवरून तो कॉल लोकल म्हणून पुढं जातो. आखातातून नातेवाईक बोलतोय, पण तुमच्या स्क्रीनवर मात्र इथलाच कुठला तरी अनोळखी दहा आकडी नंबर. त्या काळात असले कॉल तुम्हालाही आले असतील. ५३ पैसे वाचवायचे, असे लाखो मिनिटं वाचवायचे, हा धंदा. पण त्याच डब्यातून सैन्याच्या ठाण्यावर फोन करून "मी अमुक साहेब बोलतोय" म्हणत माहिती काढणाराही येऊ शकतो, आणि त्याचा माग लागत नाही. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात पलीकडं बसलेले सूत्रधार इंटरनेटवरच्या फोनवरूनच हल्लेखोरांना हुकूम देत होते, हे तपासात पुढं आलं. तेव्हा सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे, असं म्हणणारा मी नाही.

माझं म्हणणं एवढंच की लातूरचा छापा कसा झाला ते बघा. कुणीतरी माहिती काढली, कुणीतरी खोली शोधली, ती खोली फोडली, डबा उचलला. ज्याचा गुन्हा त्याला धरलं. त्यासाठी अख्ख्या जिल्ह्याचं बोलणं बंद करावं लागलं नाही. ह्याला पोलिसांचं काम म्हणतात. सगळ्यांचाच कॉल बंद करणं हे सोपं काम आहे, आणि सोपं काम करायची सवय वाईट.

ती सवय पुढं कशी लागली तेही बघा.

२०१४ च्या डिसेंबरात एका मोठ्या मोबाईल कंपनीनं जाहीर केलं की इंटरनेटवरून बोलायला वेगळा पॅक घ्यावा लागेल. लोक भडकले, काही दिवसांत ते मागं घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायनं लोकांची मतं मागवली की व्हॉट्सॲप, स्काईपसारख्या सेवांना लायसन लावायचं का. उत्तरादाखल १० लाखांहून जास्त ई-मेल गेले. त्याच वर्षी दूरसंचार खात्याच्या समितीनं सुचवलं की परदेशच्या कॉलचं राहू द्या, पण देशातल्या देशात ॲपवरून होणाऱ्या कॉलला साध्या फोनसारखे नियम लावा. ते अंमलात आलं नाही. फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम केला की कुठल्या सेवेला कमी आणि कुठल्या सेवेला जास्त असा वेगवेगळा डेटा दर लावायचा नाही. आज तुम्ही-आम्ही व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघतोय ती ह्या भांडणामुळं. ज्यांनी ते ई-मेल केले त्या पोरांना आपण कधी धन्यवाद म्हणालो नाही.

पैशाचा दरवाजा असा बंद झाला, तर कलम ५ चा दरवाजा उघडला. एप्रिल २०१७ ला जम्मू-काश्मीर सरकारनं २२ सेवा बंद करायचा हुकूम काढला. त्यात व्हॉट्सॲप, स्काईप, व्हायबर सगळं होतं. ऑगस्ट २०१९ ला तर सगळंच बंद. जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही, बंदीचा हुकूम प्रसिद्ध करावा लागेल, त्याची कारणं द्यावी लागतील. तरी तिथं फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मे २०२३ मध्ये दहशतवादी वापरतात म्हणून १४ ॲप बंद केल्याची बातमी आली. त्यात आयएमओ होतं. आखातात कामाला गेलेल्या ज्यांच्या घरी स्लो नेटवर्क आहे, त्यांना हे ॲप चांगलं माहीत आहे.

काश्मीर लांब आहे असं वाटत असेल तर मराठवाड्यात या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. २६ फेब्रुवारी २०२४ ला आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर ह्या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं. आंदोलनाच्या बाजूनं कोण आणि विरोधात कोण, हा वाद इथं नको. मला वेगळंच सांगायचंय. अशा वेळी प्रशासन सांगतं की साधे कॉल चालू आहेत, फक्त इंटरनेट बंद आहे. पण परदेशातला पोरगा साधा कॉल लावत नाही, तो त्याला परवडत नाही. तो इंटरनेटवरूनच बोलतो. म्हणजे टीव्हीवर जाळपोळ दिसायलीय आणि घरच्यांचा फोन लागेना, असं त्याचं होतं. ज्याला दगड मारायचाय तो साध्या फोनवरून चौघांना बोलावतो. ज्याला नुसतं "सुखरूप आहोत" एवढं ऐकायचंय, त्याचीच लाईन कापली जाते.

आणि तो १८८५ चा कायदा? तार स्वतः जुलै २०१३ ला बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या, पेपरात फोटो आले. तार मेली, तारेचा कायदा मात्र जिवंत. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्याच्या २०२२ च्या मसुद्यात ॲपवरचं बोलणं सरळ सरळ लायसनाखाली घेतलं होतं. लोकांनी हरकती घेतल्यावर पास झालेल्या कायद्यातून ते शब्द गेले, आणि मंत्र्यांनीही सांगितलं की असल्या ॲपना हा कायदा नाही. पण व्याख्या अजून सैलच आहे, आणि सैल व्याख्येत काय काय बसतं ते आपण वर बघितलंच. कलम ५ चा अधिकार आता कलम २० मध्ये जाऊन बसलाय. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांत एक चांगली गोष्ट आली, की बंदीचा हुकूम कारणांसह प्रसिद्ध करायचा आणि एका हुकमानं १५ दिवसांच्या वर बंदी चालवायची नाही.

हे कागदावर आहे. पुढच्या वेळी आपल्या भागात इंटरनेट बंद झालं तर तो हुकूम कुठं आहे, कुणाच्या सहीचा आहे, कारण काय दिलंय, एवढं तरी विचारा. मोर्चा नको, भांडण नको. तहसीलला, कलेक्टर ऑफिसला जाऊन नुसतं विचारा. जो हुकूम कुणी मागत नाही तो कुणी लावतही नाही.

आता मावशींचं सांगतो. तिकडं परवानगी असलेलं ॲप आहे, त्याच्या पॅकला पैसे भरावे लागतात. आडमार्गानं व्हीपीएन लावून बोलायचं तर पकडल्यास दंड लाखो दिरहमचा. पोराला मी स्पष्ट मेसेज केला, आडमार्गाला जाऊ नको, तुझी नोकरी जाईल. त्यानं खोलीतल्या चौघांत मिळून पॅक घेतलाय. सौदी अरेबियानं २०१७ ला ही बंदी उठवली, कधीतरी दुबईलाही उठेल असं म्हणालो. मी मावशींच्या फोनमध्ये तेच ॲप टाकून दिलं.

रविवारी संध्याकाळी फोन आला. मावशी जोरात ओरडूनच बोलत होत्या, पीसीओच्या काळात बोलायच्या तशा. "हाव, आवाज यायलाय, यायलाय! जेवलास का?" बारा मिनिटं बोलल्या. ठेवल्यावर मला विचारलं, "किती झाले?" मी म्हणालो, काही नाही मावशी, पैसे त्यानं आधीच भरलेत. त्या म्हणाल्या, "माझ्याशी बोलायला त्यानं कुणाला पैसे द्यायलाय म्हणं?"

ह्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. तुमच्या घरचं कुणी आखातात असेल, किंवा इंटरनेट बंदीत कुणाची खुशाली कळायची राहिली असेल, तर खाली लिहा. पीसीओवाले कुणी वाचत असाल तर तुम्हीही लिहा, रात्री अकराची रांग तुम्हीच काचेआडून बघितलीय.